बंद म्हणजे किती बंद?

मुलांनो, तुमच्या घरात स्क्रू ड्रायव्हर कुठं असतो? आमच्या घरी तो बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असतो. सोबतीला सुतळी, अर्धी मेणबत्ती, थोडे खिळे, गंजलेली पक्कड आणि कुठल्या कुलपाची हे कुणालाच आठवत नाही अशी एक किल्ली. तुमच्याही घरी असाच एखादा डबा असणार. आणि तुमच्यापैकी काही जणांचा हात सारखा त्या डब्याकडे जात असणार, हेही मला ठाऊक आहे. बारा वर्षं शाळेत शिकवतेय मी! कुणाच्या दप्तरातून खेळण्यातली मोटार निघते, कुणाच्या कंपासपेटीतून टॉर्चचा बल्ब.

आज तुम्हाला एका वाक्याची गोष्ट सांगणार आहे. ते वाक्य मी वर्गात बोलले. बोलताना मला ते अगदी बरोबर वाटलं होतं.

मी सूसला राहते. पुण्याहून पाषाण मागं टाकून खिंडीतून पुढं आलं की आमचं गाव. तसं मुळशी तालुक्यातलं, पण २०२१ साली आणखी बावीस गावांबरोबर ते पुणे महापालिकेत आलं. एकीकडे जुनी घरं आणि देवळं, दुसरीकडे उंचच उंच सोसायट्या. या सोसायट्यांमध्ये संगणकावर काम करणारी माणसं खूप. त्यांचा एखादा संगणक जुना होऊन बाजूला पडला, की कुणीतरी म्हणतं, "शाळेला देऊन टाकू या." असाच एक संगणक आमच्याकडे आला. पांढरट रंगाचा, वर धुळीची साय. बटण दाबलं, तर पडद्यावर काही नाही. नुसतं बीप, बीप, बीप.

आता मी काही संगणकाची इंजिनिअर नव्हे. डी.एड. केलं आणि नंतर सगळ्या शिक्षकांसारखं एमएस-सीआयटी केलं. त्यात टायपिंग शिकले, तक्ते करायला शिकले. झाकण उघडायला तिथं कुणी शिकवलं नव्हतं. पण आमच्या घरचा संगणक असाच बीप-बीप करायला लागला होता, तेव्हा दुरुस्तीवाल्या दादांनी काय केलं ते मी नीट पाहून ठेवलं होतं. म्हटलं, मुलांसमोरच करून बघू.

सातवीचा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. मी वायर काढली, बाजूचं झाकण उघडलं. आतली धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशनं झाडली. पट्टीसारखं दिसणारं कार्ड असतं ना, रॅम, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून ते बाहेर काढलं. त्याच्या कडेला सोनेरी दात असतात. दमट हवा आणि धूळ यांनी त्यांच्यावर मळाचा थर बसतो आणि वीज नीट पोहोचत नाही. एका मुलीचा खोडरबर घेतला, हलक्या हातानं दात पुसले, रबराची भुकटी झटकली आणि कार्ड 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवलं. (खरं तर कितीतरी वेळा कार्ड नुसतं काढून पुन्हा नीट बसवलं तरी काम होतं. खोडरबर जोरात घासला तर सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो, म्हणून जाणकार लोक त्याला नाकं मुरडतात.) बटण दाबलं. एकच बीप, आणि पडदा उजळला!

काय टाळ्या वाजवल्या पोरांनी! मलाही पंतांची बखर पाठ म्हणून दाखवल्यासारखं वाटलं. त्याच आठवड्यात आम्ही दुसरी दुरुस्ती केली. संगणक रोज सकाळी तारीख विसरायचा आणि भलतंच जुनं साल दाखवायचा. तारीख चुकली की इंटरनेटवरची बरीच पानं उघडत नाहीत, कारण त्या पानांच्या ओळखपत्रांवर मुदत लिहिलेली असते आणि संगणक ती आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. आतल्या मोठ्या बोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक गोल बॅटरी असते, ३ व्होल्टची, सीआर २०३२ नावाची. ती बदलली आणि घड्याळ ताळ्यावर आलं.

बॅटरी बदलताना एका मुलीनं विचारलं, "बाई, शॉक नाही बसणार?"

मी म्हणाले, "अगं, वायर काढलीय ना? बंद यंत्राला काय घाबरायचं!"

हेच ते वाक्य.

पुढच्या सोमवारी वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. हातात एक स्क्रू ड्रायव्हर. त्याच्या टोकाला काळा डाग आणि खड्डा पडलेला, जणू कुणी धातूचा छोटासा घास घेतलाय.

"बाई, मी वायर काढली होती," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं तसंच केलं. तरी कसं झालं?"

झालं होतं असं. त्याच्या घरी कुणीतरी दिलेला एक बंद संगणक होता. विज्ञानाच्या प्रकल्पासाठी त्याला पंखा हवा होता, आणि मागच्या बाजूला जाळीआड पंखा दिसत होता. आधी चालू होतो का म्हणून त्यानं संगणक लावून पाहिला. नाही झाला. मग शहाण्या मुलासारखी वायर काढली, जाळीचा पत्र्याचा डबा सोडवला, त्याचे चार स्क्रू काढून तो उघडला आणि आतली पाटी स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायला गेला. फाट् करून ठिणगी उडाली, बोटांपासून कोपरापर्यंत झटका बसला आणि हात मागच्या कपाटावर आपटला. कोपराला सूज आली होती. बाकी काही नाही.

बाकी काही नाही! पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तो मुलगा मला दोष द्यायला आलाच नव्हता. आपलं काय चुकलं, हे तो विचारत होता. त्यानं तर बाईंनी सांगितलं ते अक्षरशः पाळलं होतं. आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी सरळ बुधवार पेठ गाठली. पासोड्या विठोबाच्या देवळाजवळचा तो भाग तुम्ही पाहिला नसेल, तर कधी मोठ्या माणसांबरोबर जरूर जा. इलेक्ट्रॉनिक वस्तू, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची इवलीइवली दुकानं. एका दुकानात पन्नाशीचे एक गृहस्थ डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी भिंग काढलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पोरगं बरं आहे ना?"

मग त्यांनी खालून एक जुना, उघडा डबा काढला. हाच तो पॉवर सप्लाय. भिंतीतली २३० व्होल्टची वीज तो आत घेतो आणि संगणकाला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज बाहेर देतो. आत अंगठ्याएवढे दोन गोल खांब दिसत होते. त्यांना कपॅसिटर म्हणतात. आत येणारी वीज आधी सरळ करून यांच्यात साठवली जाते, आणि तिथं ती २३० नव्हे, जवळजवळ ३२५ व्होल्ट असते.

"मॅडम, तुमच्याकडे सूसला सोसायट्यांत पाण्याचे टँकर येतात ना?" त्यांनी विचारलं. "टँकर निघून गेला म्हणून गच्चीवरची टाकी रिकामी होते का?"

वायर काढणं म्हणजे टँकर जाणं. टाकी भरलेलीच असते! ती हळूहळू रिकामी व्हावी म्हणून चांगल्या पॉवर सप्लायमध्ये सोय केलेली असते. पण बिघडलेल्या पॉवर सप्लायमध्ये ती सोयच बिघडलेली असू शकते, आणि लोक उघडतात तो नेमका बिघडलेलाच.

मी विचारलं, "मग किती वेळ थांबून उघडायचा?"

ते हसले. "थांबायचं कशाला? उघडायचाच नाही. पंचवीस वर्षं या खुर्चीवर बसतोय मी. बिघडला की अख्खा डबा काढतो, नवा बसवतो. त्यात हात घालणारे वेगळे, त्यांच्याकडे त्याची वेगळी हत्यारं असतात."

मला आश्चर्य वाटलं. इतका अनुभवी माणूस, आणि चार स्क्रूंचा डबा उघडत नाही? त्यावर ते जे म्हणाले ते मी तिथंच बसच्या तिकिटामागं लिहून घेतलं. म्हणाले, "काम सोपं का अवघड, ते मी नंतर बघतो. चुकलं तर काय जाईल, ते आधी बघतो."

मुलांनो, परत येताना बसमध्ये मी हाच विचार करत होते. आपण नेमकं उलटं करतो. स्क्रू सहज निघाला की आपल्याला वाटतं काम आपल्या आवाक्यातलं आहे. आता हे बघा: हार्ड डिस्क उघडायला चांदणीच्या आकाराचा वेगळा स्क्रू ड्रायव्हर लागतो. पण वायर काढलेली सुटी हार्ड डिस्क उघडून माणसाला शॉक बसत नाही. जाते ती आतली माहिती. आत तबकडीच्या इतक्या जवळून वाचणारं टोक तरंगत असतं, की मधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. तिथं धुळीचा कण म्हणजे वाटेत आलेली दरड. तेव्हा बाबांच्या कामाची किंवा ताईच्या लग्नाच्या फोटोंची डिस्क उघडू नका. पार मेलेली असेल तर खुशाल उघडा, आत दोन जबरदस्त लोहचुंबक मिळतील. (बोटं मात्र त्यांच्या मधे नकोत, चांगला चिमटा बसतो.) आणि पॉवर सप्लाय? तो घरातल्या साध्या स्क्रू ड्रायव्हरनं दोन मिनिटांत उघडतो.

रॅम पुसताना चुकलं तर काय जाईल? फार तर रॅम. तीसुद्धा कशी जाते, गंमत सांगते. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना? आपल्या अंगावर तेव्हा वीज साठलेली असते. दाराच्या कडीला हात लावल्यावर चटका जाणवला, तर ती साधारण ३००० व्होल्ट तरी असते. काही नाजूक चिपा तर शंभराहून कमी व्होल्टनंही बिघडतात, आपल्याला काही कळायच्या आत. म्हणून रॅमला हात लावण्याआधी संगणकाच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावायचा आणि कार्ड कडेला धरायचं.

इथं वर्गातल्या एका चौकस मुलीनं मला पकडलंच. "बाई, ३००० व्होल्टनं आपल्याला काही होत नाही आणि ३२५ नं होतं, असं कसं?" छान प्रश्न! व्होल्ट म्हणजे उंची समजा. दहाव्या मजल्यावरून पाण्याचा एक थेंब डोक्यावर पडला तर काय होईल? काही नाही. आणि पहिल्या मजल्यावरून भरलेली बादली पडली तर? स्वेटरची वीज म्हणजे थेंब. पॉवर सप्लायमधली म्हणजे बादली. त्या थेंबापेक्षा तिच्यात हजारो पट जोर असतो.

बादल्या आणखी कुठंकुठं असतात, तेही सांगून टाकते. जुना, खोक्यासारखा, मागं फुगीर टीव्ही किंवा मॉनिटर. त्याच्या काचेच्या नळीत २०,००० व्होल्टच्या पुढं वीज असायची आणि बंद केल्यावरही ती टिकून राहते. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेला असला तरी त्याच्या मागच्या झाकणाला हात नको. इन्व्हर्टर आणि यूपीएस तर बॅटरीवरच चालतात, म्हणजे वायर काढल्यावर ते बंद होतच नाहीत, उलट कामाला लागतात. आणि मोबाइलची बॅटरी. मागच्या वर्षी एका मुलाच्या आईनं मला फोन दाखवला. मागचं झाकण पुरीसारखं फुगलेलं, आणि ते दबून बसावं म्हणून वर रबरबँड! फुगलेल्या बॅटरीत वायू भरलेला असतो. दाबली, टोचली किंवा वाकवली तर ती पेट घेते. असा फोन चार्जिंगला लावायचा नाही, दुकानात न्यायचा, आणि ती बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा म्हणून वेगळी द्यायची.

आमच्या वर्गातल्या त्या संगणकानं आणखी एक धडा दिला. खोलीत चपला बाहेर काढून बसायची आमची पद्धत. मुलं म्हणायला लागली, "बाई, पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात." आधी मला वाटलं, गंमत करतात. मग टेस्टर लावून पाहिला, तर तो मंद पेटला! वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी भिंतीतला सॉकेट उघडला, तर अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. पॉवर सप्लायमधून थोडीशी वीज पत्र्यावर येत असते आणि तिनं अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायचं असतं. तारच नाही म्हटल्यावर ती अनवाणी मुलांच्या अंगातून जात होती. तुमच्या घरी तीन पिनांचा प्लग काढून बघा, वरची पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. आधी तिनं जोडलं जावं आणि शेवटी सुटावं, म्हणून. कुणी तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवायची युक्ती सांगितली, तर ती युक्ती घेऊ नका. अशा झिणझिण्या आल्या तर स्क्रू ड्रायव्हर नको, वायरमन हवा. आणि कुणी विजेला चिकटलंच, तर त्याला हातानं ओढायचं नाही. आधी मेन स्विच बंद, मग मोठ्यानं हाक मारायची आणि १०८ ला फोन.

एवढं वाचून तुमची आई म्हणेल, "बघ, म्हणूनच सांगते, कशाला हात लावू नकोस." आई-बाबांनो, हे जरा तुमच्यासाठी. मी तसं म्हणणार नाही. आमच्या खिंडीपलीकडे पाषाणला सी-डॅकची इमारत आहे. १९८८ साली पुण्यात ही संस्था निघाली, कारण हवा तसा महासंगणक भारताला परदेशातून मिळेना. डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली 'परम ८०००' इथंच उभा केला. झाकणाआड काय आहे याचं कुतूहल नसतं, तर हे झालं असतं का? आणि 'हात लावू नकोस' म्हटलं तरी मुलं उघडतातच, फक्त आपण घरात नसताना. त्यापेक्षा रविवारी टेबलावर वर्तमानपत्र पसरा आणि सोबत बसा. तुम्हाला काही येत नसलं तरी चालेल, मलाही येत नव्हतं. झाकण उघडण्याआधी फोटो काढून ठेवा. सुटे स्क्रू इडलीपात्रात ठेवा, एका खळग्यात एका जागेचे. आमच्या वर्गात इडलीपात्र आहे, आणि त्यात आजवर एकदाही इडली झालेली नाही. आणि प्रत्येक झाकणाआधी मुलालाच विचारा, "चुकलं तर काय जाईल?" वेळ जाणार असेल तर जाऊ दे. पैसे जाणार असतील तर किती, ते आधी ठरवा. माहिती जाणार असेल तर आधी दुसरीकडे उतरवून घ्या. माणसाला काही होणार असेल, तर स्क्रू ड्रायव्हर डब्यात परत.

सोमवारी मी फळ्यावर माझं ते वाक्य लिहिलं: 'बंद यंत्राला काय घाबरायचं!' आणि मुलांसमोर त्यावर आडवी रेघ मारली. म्हटलं, हे चुकलं होतं, बाईंचं चुकलं होतं. वर्ग एकदम शांत झाला. बाईंचं गणित चुकलं की मुलं हसतात, त्या दिवशी कुणी हसलं नाही.

त्या मुलाच्या वडलांनाही मी बोलावून घेतलं होतं. ते टेम्पो चालवतात. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आणि मी त्याची तयारीही ठेवली होती. सगळं सांगितलं, चूक माझी आहे म्हणाले. ते थोडा वेळ त्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, वायर काढली की झालं, असं मी पण समजत होतो. घरातला मिक्सर, टीव्ही, सगळं मीच खोलतो. हा माझंच बघून शिकला असंल."

स्क्रू ड्रायव्हर त्यांनी परत नेला नाही. तो आता माझ्या टेबलाच्या खणात असतो आणि दर वर्षी नव्या सातवीला एकदा हातोहात फिरवला जातो.

आणि हो, पंखा! बुधवार पेठेतल्या त्या काकांनी निघताना एक सुटा पंखा माझ्या हातात ठेवला होता. "त्या पोराला द्या. १२ व्होल्टचा आहे. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर फिरेल." पैसे घेतले नाहीत. त्याचा प्रकल्प झाला. पंखा आमच्या विज्ञानकोपऱ्यात आहे. नऊ व्होल्टवर जरा हळू फिरतो, आणि बॅटरी महिन्यातून दोनदा तरी बदलावी लागते, कारण मुलं घरी जाताना तो बंद करायला विसरतात.